हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गाई

गेल्या महिन्यात मामांच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. पंगती उठल्या, मांडवात खुर्च्या गोल झाल्या आणि गायरानाचा विषय निघाला. निम्म्यावर अतिक्रमण, उरलेल्यात वेडी बाभूळ, आणि त्या उरलेल्यावर आता सौर प्रकल्पाचा डोळा. मामा पंधरा वर्षं सरपंच होते. त्यांचा निकाल तयार होता. "सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. वाटून टाका एकदाचं, ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर चढू द्या. मग बघतो कोण बाभळी वाढू देतो ते." माझा भाचा पुण्यात अर्थशास्त्र शिकतो. तो उसळला. "आजोबा, हा युक्तिवाद कधीच निकालात निघालाय. स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल बघा. पाचशे वर्षं सामायिक कुरण सांभाळलंय त्या गावानं. एलिनॉर ऑस्ट्रम बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गावांवरच्या कामाला." मामा सुपारी कातरत एवढंच म्हणाले, "तिकडची माणसं वेगळी." भाचा म्हणाला, "गावावर सोपवून तरी बघा." दोघंही आपण जिंकलो अशा चेहऱ्यानं उठले.

मला दोघांचंही पटलं नाही. भाच्यानं गाव बरोबर निवडलं, पण ते गाव त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही. मामांच्या बाजूनं तर नाहीच नाही. 'सामायिक बरं की खासगी बरं' हा प्रश्न टोर्बेलनं कधी सोडवला नाही, कारण तो त्या गावाला पडलाच नाही. तिथल्या शेतकऱ्यांना पडलेले प्रश्न बारीकसारीक आणि कटकटीचे होते. कोणत्या जमिनीचं काय करायचं? हक्क कुणाचा? आणि मोजायचं कुणी? त्यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्या चर्चांतून नेमका तोच गळतो.

आधी गाव बघू, कारण दाखला देणारे बहुतेक जण गाव बघतच नाहीत. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला व्हॅले नावाचं राज्य आहे, जर्मन बोलणारे त्याला वालिस म्हणतात. त्यातल्या फिस्प नदीच्या खोऱ्यात, पश्चिमेकडच्या उतारावर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर टोर्बेल बसलंय. वस्ती आज पाचशेच्या आसपास. फिस्प शहरातून बस निघते, श्टाल्डेननंतर वळणावळणानं चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात वर सोडते. मी एका ऑक्टोबरात गेलो होतो. उतरल्याबरोबर जाणवला तो उतार. सपाट म्हणावी अशी जागा शोधावी लागते. खाली नदीकाठ ८०० मीटरवर, डोक्यावर आउग्स्टबोर्डहॉर्नचं शिखर जवळपास ३,००० मीटरवर. एका गावाच्या शिवारात द्राक्षवेलींपासून उघड्या खडकापर्यंत सगळे हवामानाचे पट्टे एकावर एक रचलेले. दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते, ती म्हणजे हे खोरं कोरडं आहे. दोन्ही बाजूंचे उंच डोंगर ढग अडवतात. खाली खोऱ्यात वर्षाला जेमतेम ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या जवळपास. चॉकलेटच्या वेष्टनावरचं हिरवंगार स्वित्झर्लंड हे नव्हे. इथलं गवत हिरवं दिसतं ते पाटाच्या पाण्यानं.

या पाटांना तिथे सुओने म्हणतात. वरच्या ओढ्यांचं पाणी कड्याकडेनं मैलोन् मैल आणून गवताच्या कुरणांवर सोडायचं, आणि प्रत्येक कुटुंबाची पाळी तासांत ठरलेली. खानदेशातली पांझरा-मोसमवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. पाटकरी, जागल्या, हवालदार ही आपली माणसं तिथे वेगळ्या नावांनी होती, एवढंच. वालिसच्या गावांत पाण्याच्या पाळीचा हिशेब लाकडाच्या काठीवर कोरलेला असे. काठीवर घराची खूण आणि पुढे खाचा. वीतभर लांबीचं काळपट लाकूड, खाचा हाताळून गुळगुळीत झालेल्या. अशी काठी हातात घेतली की सातबाऱ्याचा हा चुलतभाऊ आहे हे लगेच कळतं. फरक इतकाच की वाचता न येणाऱ्यालाही ती वाचता यायची आणि तिच्यात खाडाखोड करणं अवघड होतं.

आता जमिनीची मालकी. भाच्याला धक्का बसेल, पण टोर्बेलमधली बरीचशी कसदार जमीन कायम खासगी होती. राय पिकवायची वावरं, भाजीचे वाफे, खालचे द्राक्षमळे आणि मुख्य म्हणजे गवताची कुरणं, हे सगळं कुटुंबांच्या नावावर. विकलं जायचं, विकत घेतलं जायचं, मुलामुलींत वाटलं जायचं, आणि वाटून वाटून इतके तुकडे व्हायचे की आपली भावकी बरी. एकाच कुटुंबाचं गवत डोंगरभर विखुरलेल्या गोठ्यांत साठवलेलं असे. मग गवत घरी आणण्याऐवजी हिवाळ्यात गाईंनाच एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरवायचे. धान्याची लाकडी कोठारं दगडी चकत्या बसवलेल्या खुंटांवर उभी, उंदीर चढू नयेत म्हणून. जमिनीच्या व्यवहारांची लेखी कागदपत्रं थेट १२२४ पासूनची आहेत. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीवर यादव होते. आठशे वर्षं खासगी मालकीचे कागद जपणाऱ्या गावाला सामुदायिक मालकीचा स्वर्ग म्हणणं ही त्या गावाचीच थट्टा आहे.

सामायिक होतं ते दुसरंच. झाडांची रेषा संपते तिथून वरची उन्हाळी चराई. हिला तिथे 'आल्प' म्हणतात; आपण ज्याला आल्प्स पर्वत म्हणतो ते नाव शेतकऱ्याच्या तोंडी कुरणाचं असतं. शिवाय जंगल, पडीक माळ आणि रस्ते. १ फेब्रुवारी १४८३ रोजी टोर्बेलच्या रहिवाशांनी एक करार करून या सामायिक जमिनींच्या वापरासाठी रीतसर संघटना बांधली. बाहेरच्या माणसानं गावात जमीन विकत घेतली तरी त्याला आल्पवर, माळावर किंवा जंगलावर हक्क मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पुढे १५१७ मध्ये आणखी एक नियम आला, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा कणा तोच. हिवाळ्यात जितक्या गाई तुम्ही पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात आल्पवर पाठवायच्या. एक जास्त पाठवली की दंड.

हा नियम जरा न्याहाळा. आल्पवर किती गाई मावतील याचं गणित तो करत नाही. ते गणित कठीण, दर वर्षी बदलणारं आणि भांडणाला निमंत्रण देणारं. त्याऐवजी मोजायला सोपी गोष्ट त्यानं धरली. खालच्या खासगी कुरणातलं गवत मर्यादित, म्हणून हिवाळ्यात जगणाऱ्या गाई मर्यादित, म्हणून वर जाणाऱ्या गाईही मर्यादित. खासगी जमिनीनं सामायिक जमिनीला लगाम घातला. वसंतात स्वस्तात चार गुरं विकत घ्यायची, फुकटात गावाच्या माळावर चारायची आणि थंडी पडायच्या आत बाजारात काढायची, हा व्यापाऱ्याचा डाव एका ओळीत बंद झाला. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याचं नाव कागदात नाही. अर्थशास्त्राची पदवी त्याच्याकडे नक्कीच नव्हती.

अंमलबजावणीतली हुशारी तर अजून अस्सल गावरान. दंड वसूल करणाऱ्या माणसाला गेवाल्टहाबर म्हणत, आणि वसूल केलेल्या दंडातला अर्धा वाटा त्याचा. म्हणजे तो झोपा काढत नसे. गाई वर गेल्या रे गेल्या की मोजल्या जात, कारण हंगामाअखेर आल्पवर बनलेलं चीज गाईंच्या संख्येनुसार वाटायचं. मोजणीत चूक झाली तर शेजाऱ्याचं चीज वाढून माझं कमी होणार. मग माझं लक्ष असणारच. जंगलातल्या लाकडाचं तेच. कोणती झाडं तोडायची त्यांवर वनरक्षकानं खुणा करायच्या, कुटुंबांच्या टोळ्यांनी ती मिळून तोडायची, ओंडक्यांचे सारखे ढीग लावायचे आणि मग चिठ्ठ्या टाकून कुणाचा कुठला ढीग ते ठरवायचं. ढीग लावणाऱ्यालाच आपल्या वाट्याला कुठला येईल ते माहीत नसेल, तर ढीग सारखेच लागतात. विश्वास आहे म्हणून ही व्यवस्था चालली नाही. विश्वास नसतानाही चालावी अशीच ती बांधली होती.

मामांचं "तिकडची माणसं वेगळी" इथेच कोसळतं. माणसं वेगळी असती तर दंड कशाला लागला असता? दंडातला अर्धा वाटा दाखवून माणूस कामाला कशाला लावावा लागला असता? १५१७ चा नियम हा टोर्बेलच्या लोकांच्या लबाडीचा पुरावा आहे. कुणीतरी जास्तीच्या गाई पाठवत होतं, म्हणून तर तो लिहावा लागला.

मामांच्या बोलण्यामागे जो सिद्धांत आहे त्याची गोष्टही सांगायला हवी. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये मांडलेलं चित्र प्रसिद्ध आहे. सर्वांना खुलं कुरण. प्रत्येक गुराख्याला वाटतं एक गाय वाढवावी, कारण फायदा पूर्ण त्याचा आणि तोटा सगळ्यांत विभागलेला. शेवटी कुरण उजाड. ही कल्पना त्यानं १८३३ मधल्या विल्यम फॉर्स्टर लॉइड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांतून उचलली होती. तर्कात खोट नाही. खोट 'सर्वांना खुलं' या शब्दांत आहे. टोर्बेलचं कुरण सर्वांना खुलं नव्हतं. ते ठरावीक लोकांचं होतं आणि मोजून वापरायचं होतं. हार्डिननंच पुढे कबूल केलं की आपण 'बेबंद' सामायिक जमिनीबद्दल बोलायला हवं होतं, तेवढं विशेषण राहून गेलं. एका राहून गेलेल्या विशेषणावर जगभर किती धोरणं उभी राहिली असतील? आणि खासगीकरण हे औषध निरपवाद लागू पडतं म्हणावं, तर इंग्लंडकडे बघा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या संसदेनं सुमारे ४,००० कायदे करून सामायिक माळरानांना कुंपणं घातली. उत्पादन वाढलं, हे मान्य. पण ज्या मजुराची एक गाय त्या माळावर जगत होती, त्याची गाय गेली आणि मागोमाग तोही शहरात गेला.

मग टोर्बेलनं आल्पही का वाटून घेतला नाही? लोक भोळे नव्हते. खालची इंच-इंच जमीन त्यांनी वाटलीच होती. १९७० च्या दशकात रॉबर्ट नेटिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं तिथे राहून चर्चच्या नोंदवह्या आणि जुने करार पिंजून काढले, आणि त्याच्या कामातून ऑस्ट्रमपर्यंत हे गाव पोचलं. त्याचं उत्तर जमिनीच्या स्वभावात होतं. जिथे एकरी उत्पन्न कमी, यंदा इथे गवत आलं तर पुढच्या वर्षी पलीकडे, खत-पाणी घालून सुधारणा फारशी होत नाही, आणि वाटे केले तर प्रत्येकाला वेगळं कुंपण, वेगळा गुराखी, वेगळी चीजची खोपी लागेल, तिथे सामायिक ठेवणंच स्वस्त. जिथे घाम गाळला तर पीक दुप्पट होतं, तिथे खासगी. स्वित्झर्लंडच्याच सपाट भागात सामायिक माळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वाटले गेले, कारण तिथली जमीन सुधारण्याजोगी होती. एकच देश, तीच माणसं, आणि जमीन बदलली तसं उत्तर बदललं.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. पहिलं म्हणजे ही व्यवस्था न्याय्य नव्हती. ज्याच्याकडे गवताची कुरणं जास्त, त्याच्या गाई जास्त, म्हणून सामायिक आल्पमधला त्याचा घासही मोठा. बाहेरून आलेल्याला दार बंद. सभेत मत पुरुषांचं. स्विस बायकांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, म्हणजे भारतात बायका चार सार्वत्रिक निवडणुकांत मतं देऊन मोकळ्या झाल्या होत्या तेव्हा. (याच वालिसमधल्या उंटरबेख या डोंगरी गावानं १९५७ मध्ये कायदा धाब्यावर बसवून बायकांना मतदान करू दिलं, हेही सांगितलंच पाहिजे. पहिलं मत सरपंचाच्या बायकोनं टाकलं.) शिवाय कुरण राखायची एक किंमत होती. आल्प वाढत नव्हता, म्हणून माणसंही बेतानं वाढवावी लागत. टोर्बेलमध्ये लग्नं उशिरा व्हायची, अनेक जण आयुष्यभर अविवाहित राहायचे, काही जण गाव सोडून जायचे. पाचशे वर्षांच्या टिकाऊपणाचं कौतुक करताना ज्या थोरल्या बहिणीचं लग्नच झालं नाही, तिचाही हिशेब मांडला पाहिजे.

दुसरं, गावावर सोपवलं म्हणजे झालं असं नाही. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगरी जंगलांची तोड इतकी झाली की पूर येऊ लागले. १८६८ च्या महापुरानंतर केंद्र सरकारला हात घालावा लागला, आणि १८७६ मध्ये डोंगरी जंगलांसाठी वनकायदा आला. जंगलाचं क्षेत्र घटता कामा नये, असं त्यात ठरलं. दूरच्या बाजारात लाकडाला भाव आला की चिठ्ठ्या टाकून ढीग वाटणारी गावंही हतबल होतात. भाच्यानं हे वाचलेलं नसावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड: आजचं टोर्बेल शेतीवर जगतच नाही. खाली फिस्पमध्ये लोन्झाचा रसायनांचा मोठा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला, आणि हळूहळू डोंगरावरची माणसं सकाळी खाली कामाला, संध्याकाळी वर गवत कापायला, अशी झाली. देशभरच्या शेतकऱ्यांना केंद्राकडून थेट अनुदान मिळतं ते वर्षाला सुमारे २.८ अब्ज फ्रँक. मग हे सगळं पैसेवाल्या देशानं जपलेलं संग्रहालय नाही का? काही अंशी आहे. पण अनुदान कशासाठी मिळतं ते बघा. १९९६ च्या सार्वमतानंतर राज्यघटनेतच लिहिलं गेलं की शेतीचं काम अन्नापुरतं नाही. निसर्ग राखणं, मशागतीचा प्रदेश राखणं आणि देशभर विखुरलेली वस्ती टिकवणं हेही तिचं काम. उन्हाळी चराईचं अनुदान मिळतं ते प्रत्येक आल्पसाठी ठरवून दिलेल्या गुरांच्या संख्येवर. त्याहून फार जास्त चारलीत तर पैसे कापले जातात, आणि फार कमी चारलीत तरी कापले जातात, कारण आज खरी भीती उलट आहे. गुरं गेली की झुडपं आणि जंगल आल्प गिळून टाकतात. १५१७ चा नियम राजधानी बर्नमधल्या सरकारी कचेरीत पोचला, फक्त आता तो दोन्ही बाजूंनी चावतो. याला संग्रहालय म्हणायचं तर म्हणा, पण त्यात मोजणी अजून चालू आहे.

आता आपल्या गायरानाकडे. मामा म्हणतात ते 'सगळ्यांचं', भाचा म्हणतो ते 'गावाचं'. कागद काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार ती जमीन सरकारची. जिल्हाधिकारी गुरचरणासाठी ती राखून ठेवतो, आणि ग्रामपंचायत देखभालीपुरती धनी. सातबारा काढून बघा, मालकाच्या जागी 'सरकार' लिहिलेलं असेल. म्हणजे टोर्बेलशी तुलना सुरू व्हायच्या आधीच संपते. तिथे गावाची मालकी होती, गावाचा नियम होता, गावानं नेमलेला दंडवाला होता. इथे यातलं एकही नाही. सामायिक मालकी फसली असं आपण म्हणतो ते जिला आपण कधी करूनच पाहिलं नाही तिच्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, पण अतिक्रमण काढल्यावर उरलेल्या रानात किती गुरं जाणार आणि ती कोण मोजणार, हे न्यायालय कसं सांगणार?

आणि टोर्बेलचा नियम जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी थोडं थांबावं. 'हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गाई' हे तिथे चाललं कारण तिथे बहुतेक प्रत्येक घराकडे थोडंफार स्वतःचं गवत होतं. आमच्या गावात गायरानाची सगळ्यात जास्त गरज ज्यांना, त्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही. तो नियम लावला तर पहिली बाहेर जातील ती हीच माणसं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते पडीक आणि गायरान जमिनी मागायलाच. त्यातून कसायला मिळालेल्या तुकड्यांना आज सरसकट 'अतिक्रमण' म्हणणं सोपं आहे. १४८३ च्या करारातला 'बाहेरचा' आपल्याकडे बाहेरून आलेला नसतो. तो गावाच्या एका टोकाला पिढ्यान् पिढ्या राहत असतो. त्यामुळे आपल्याला गवतावर टांगलेला नियम उपयोगाचा नाही. घरटी ठरावीक जनावरं, जमीन असो वा नसो, असा काहीतरी वेगळा लागेल. पण नियम कोणताही असो, त्याला एक आकडा लागतो.

निघायच्या आधी मी मामांना विचारलं, "गायरानात आज जनावरं किती जातात हो?" मामा म्हणाले, "असतील तीन-चारशे." भाच्यानं फोनवर पशुगणना शोधली, आकडा निघाला तालुक्याचा. बाजूला पत्रावळी गोळा करणाऱ्या मावशींच्या सहा शेळ्या रोज त्याच बाभळीत जातात. त्या हातातलं काम न थांबवता सांगू लागल्या. वरच्या आळीच्या गाई अकरा, म्हशी आता कुणी सोडत नाही, वाडीवरच्या शेळ्या चाळीस धरा, पण त्यातल्या तेरा दिवाळीनंतर विकल्या. मामा म्हणाले, "अरे, लिहून घे." कुणाकडेच पेन नव्हतं.